इंग्रजीच्या वर्गाचा निरोपसमारंभ : एक विचार

वर्ष संपत आले की महाविद्यालयात निरोपसमारंभांची एक लाटच येते. प्रत्येक विषयाचा द्वितीय वर्षाचा वर्ग तृतीय वर्षाच्या वर्गाला निरोप देतो. कार्यक्रमाची रूपरेषाही ठरलेली असते. फळ्यावर रंगीत खडूंनी काढलेली फुले, ईशस्तवन, प्रास्ताविक, दोनचार चित्रपटगीते, फिशपाँड, प्राध्यापकांचे मनोगत, आभारप्रदर्शन आणि अल्पोपाहार. मग फोटो. यात वाईट असे काही नाही. परंतु फळ्यावरचे विभागाचे नाव पुसले, तर समारंभ इतिहासाच्या वर्गाचा आहे, भूगोलाच्या वर्गाचा आहे की इंग्रजीच्या, हे कोणालाही सांगता येणार नाही. इंग्रजी वाङ्मय हा विषय घेतलेल्या विद्यार्थ्यांनी आपला शेवटचा दिवस कसा साजरा करावा आणि त्याची आखणी कशी करावी, याविषयी काही विचार प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहेत.

आमच्या वर्गाची एक अडचण आहे, ती आधीच सांगून टाकते. हजेरीपत्रकावर चाळीसच्या आसपास नावे आहेत. पण वर्षभरात तास चालू असताना ज्यांचा आवाज ऐकू आला असे पाचसहाच जण असतील. बाकीचे लिहून घेतात. बहुतेक जण मराठी माध्यमातून आलेले, खेड्यातून एस.टी.ने येजा करणारे. घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारे पहिलेच. मी स्वतः त्यांतलीच आहे. आमच्या घरात इंग्रजी पुस्तक आले ते माझ्याच पिशवीतून. आई कधीकधी विचारते, “अगं, तुमच्या त्या इंग्रजीच्या वर्गात कुणी हसतं तरी का?” यावर काय सांगावे हे मला कळत नाही. कारण शेक्सपिअरच्या विनोदी नाटकाचा तास आम्ही अत्यंत गंभीर चेहऱ्याने, शब्दार्थ उतरवून घेत घालवलेला असतो.

समारंभातही तेच पाचसहा जण बोलतात, तेच गातात, तेच सूत्रसंचालन करतात आणि उरलेले टाळ्या वाजवतात. म्हणजे जो वर्षभर गप्प होता, तो शेवटच्या दिवशीही गप्पच राहतो. पुढे यांतल्या कित्येकांचा या भाषेशी आणि या वाङ्मयाशी संबंध कितपत राहील, कोण जाणे. म्हणून माझ्या मते समारंभ चांगला झाला की नाही हे तपासण्याची कसोटी एकच असावी : हजेरीपत्रकावरच्या प्रत्येक नावाने त्या दिवशी एकदा तरी तोंड उघडले काय?

विद्यार्थ्यांच्या सणासमारंभांशी इंग्रजी नाटकाचे नाते फार जुने आहे. इंग्रजीतील पहिली सुखात्मिका म्हणून जिचा सामान्यतः उल्लेख होतो, ती ‘राल्फ रॉयस्टर डॉयस्टर’ १५५२ च्या सुमारास निकोलस युडॉल या शिक्षकाने शाळेतल्या मुलांनी करावी म्हणून लिहिली. लंडनमध्ये कायद्याचे शिक्षण जेथे मिळे त्या ‘इन्स ऑफ कोर्ट’ नावाच्या संस्थांत नाताळच्या सुट्टीत मोठा उत्सव चाले. त्यात विद्यार्थी आपल्यातल्याच एकाला राजा करीत, दरबार भरवीत, खोटे वकील नेमीत, खोटे जाहीरनामे काढीत. ‘ट्वेल्थ नाइट’ या नाटकाच्या ज्या प्रयोगाची सर्वांत जुनी नोंद सापडते, तो २ फेब्रुवारी १६०२ रोजी मिडल टेंपल या अशाच एका संस्थेच्या दिवाणखान्यात झाला. नोंद करणारा जॉन मॅनिंगहॅम हा तेथलाच कायद्याचा विद्यार्थी होता. त्याने आपल्या रोजनिशीत ती लिहून ठेवली नसती, तर हा प्रयोग आज आपल्याला माहीतही नसता. आमच्या वर्गातही कोणी रोजनिशी लिहीत असेल तर त्याने याची दखल घ्यावी.

त्याहून मजेदार गोष्ट २८ डिसेंबर १५९४ ची आहे. ग्रेज इन या संस्थेत त्या रात्री मोठा समारंभ होता. शेजारच्या इनर टेंपलच्या विद्यार्थ्यांना मानाचे आमंत्रण होते. परंतु गर्दी इतकी लोटली, की लोक रंगमंचावरच चढले, ठरलेला कार्यक्रम करायला जागा उरली नाही आणि मानाचे पाहुणे रागावून निघून गेले. मग उरलेल्यांनी नाचगाणे केले आणि शेवटी नटांनी ‘कॉमेडी ऑफ एरर्स’ हे नाटक करून दाखवले. त्या रात्रीला पुढे ‘चुकांची रात्र’ असेच नाव पडले. खरी गंमत त्यानंतर झाली. विद्यार्थ्यांनी लटका खटला भरला आणि हा सारा गोंधळ एका मांत्रिकाने जादू करून घडवला, असा त्याच्यावर आरोप ठेवला! फजिती झाली तर तिचेच नाटक करायचे, ही युक्ती आपल्या सांस्कृतिक समितीने शिकण्यासारखी आहे. आमच्याकडे माईक बंद पडला तर सगळे एकमेकांकडे डोळे वटारून पाहतात.

आता आमच्या वर्गाने करावे काय? माझी पहिली सूचना अशी, की ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ या नाटकातला शेवटच्या अंकातील नाटकातला नाटकप्रवेश करावा. हे नाटक आपल्या अभ्यासक्रमात असो वा नसो, हा प्रवेश स्वतंत्रपणे समजतो. ड्यूकच्या लग्नानिमित्त अथेन्सचे सहा कारागीर पिरॅमस आणि थिस्बी यांच्या प्रेमाची करुण कथा सादर करतात. हे सहा जण कोण, तर एक विणकर, एक सुतार, एक जोडकाम करणारा, एक भाते दुरुस्त करणारा, एक भांड्यांना डाग देणारा आणि एक शिंपी. दिवसभर हातांनी काम करून रात्री तालीम करणारी ही माणसे. यांतल्या एकानेही पूर्वी नाटक केलेले नाही. आमच्या वर्गातल्या मुलामुलींच्या वडिलांचे व्यवसाय विचारले, तर यांतले निम्मे तरी सहज निघतील.

या प्रवेशात कामाची वाटणी फार शहाणपणाची आहे. एक जण भिंत होतो. त्याने उभे राहायचे आणि दोन बोटे फाकवून भिंतीची फट दाखवायची. एक जण चंद्रप्रकाश होतो. त्याच्या हाती कंदील. आणि स्नग नावाचा जो जोडकाम करणारा, त्याला सिंहाचे काम मिळते. तो बिचारा आधीच विचारतो, की सिंहाची भाषणे लिहून तयार असतील तर आत्ताच द्या, कारण मला पाठांतर लवकर होत नाही. त्यावर त्याला सांगतात, की काही लिहिलेले नाही, नुसती डरकाळी फोडायची आहे. पुढे दरबारातल्या स्त्रिया घाबरतील म्हणून हाच सिंह पुढे येऊन नम्रपणे सांगतो, की मी खरा सिंह नाही, मी स्नग आहे. शेक्सपिअरने ज्याला पाठ होत नाही त्यालाही नाटकातून वगळले नाही. आमच्या वर्गात इंग्रजी वाक्य उच्चारताना ज्याच्या घशाला कोरड पडते, त्याला सिंह करावे. चार ओळी आणि एक डरकाळी त्याला नक्की जमेल. एकदा डरकाळी फोडली की पुढचे बोलणे तितके अवघड वाटत नाही, असे मला वाटते.

शेक्सपिअरच्या काळी स्त्रियांची कामे मुलगे करीत. या प्रवेशातही थिस्बीचे काम मिळालेला फ्लूट, आपल्याला दाढी फुटू लागली आहे अशी तक्रार करतो. आमच्या वर्गात मुली जास्त आहेत. तेव्हा सगळी कामे मुलींनी करायलाही हरकत नाही. सामान फारसे लागत नाही. कंदील कोणाच्याही घरी मिळेल, सिंहाची आयाळ सुतळी सोडवून करता येते. काटछाट केली तर प्रवेश वीस मिनिटांत संपतो.

या प्रवेशाचा अभ्यासासाठीही उपयोग आहे. प्रारंभी सुतार क्विन्स नांदी म्हणतो, ती सगळे विराम चुकीच्या जागी घेऊन. त्यामुळे आम्ही तुम्हांला आनंद देण्यासाठी आलो आहोत, याऐवजी आम्ही तुम्हांला त्रास देण्यासाठी आलो आहोत, असा अर्थ निघतो. हीच युक्ती सुमारे चाळीस वर्षे आधी युडॉलने आपल्या शाळकरी नटांसाठी वापरली होती. त्याच्या नाटकात नायकाचे प्रेमपत्र दुसराच माणूस वाचून दाखवतो आणि विराम चुकवून त्याचे अपमानपत्र करून टाकतो. आपल्याकडेही ‘मारू नका, सोडा’ आणि ‘मारू, नका सोडा’ यांतला फरक शाळेत शिकवतात. तालमीच्या वेळी ही नांदी एकदा चुकीच्या आणि एकदा बरोबर विरामांनी म्हणून पाहावी. विरामचिन्हांवरचे एखादे व्याख्यान वाचेल.

येथे फिशपाँडबद्दल बोलणे भाग आहे. त्याला आपल्याकडे शेलापागोटे असे भारदस्त नाव आहे. निनावी चिठ्ठी लिहायची, डब्यात टाकायची, व्यासपीठावरून ती वाचायची आणि ज्याच्यावर लिहिली त्याने हसतमुखाने ऐकून घ्यायची. कल्पना मोकळ्या विनोदाची आहे, हे मान्य. परंतु इंग्रजीच्या वर्गातल्या चिठ्ठ्या बहुधा एकाच गोष्टीवर असतात, ती म्हणजे उच्चार. एका समारंभात मी पाहिले आहे. एका मुलीने वर्गात एक शब्द जसा लिहितात तसाच उच्चारला होता. ती चिठ्ठी वाचली गेली, सभागृह खदखदा हसले, तीही हसली. त्यानंतर परीक्षेपर्यंत ती प्रश्नोत्तरांच्या वेळी मान खाली घालून बसे. विनोद कोणावर करावा याला काही धरबंध असावा की नाही?

पिरॅमसच्या प्रवेशातही प्रेक्षकांत बसलेले दरबारी कारागिरांची टिंगल करीत असतात. प्रयोग सुरू होण्यापूर्वीच ड्यूक थीसिअस मात्र एक गोष्ट सांगून ठेवतो. मोठमोठे विद्वान आपल्या स्वागताला तयार केलेली भाषणे घेऊन येत आणि भीतीने पांढरे पडून अर्ध्या वाक्यात अडखळत. त्या अडखळण्यातूनही आपल्याला स्वागत ऐकू येत असे, असे तो म्हणतो. साध्या मनाने आणि निष्ठेने जे पुढे केले आहे ते आपण गोड मानू, अशी त्याची भूमिका आहे. आमच्या समारंभात प्रेक्षकांनी थीसिअस व्हायचे की टिंगल करणारे दरबारी, हे आधीच ठरवून घ्यावे. फिशपाँड ठेवायचाच असेल तर तो पुस्तकातल्या पात्रांवर टाकावा. मॅलव्होलिओच्या पिवळ्या मोज्यांवर, मिस्टर कॉलिन्सच्या लांबलचक आभारप्रदर्शनांवर, हॅम्लेटच्या चालढकलीवर हवे तितके लिहा. त्यांना राग येणार नाही, आणि लिहिणाऱ्याला पुस्तक वाचावे लागेल.

दुसरी सूचना काव्यवाचनाची. आमच्याकडे काव्यवाचन म्हणजे एकाने मूळ इंग्रजी कविता घाईघाईने म्हणणे आणि बाकीच्यांनी शेवट कधी येतो याची वाट पाहणे. त्याऐवजी एकच कविता घ्यावी, ती कडव्याकडव्याने वाटून द्यावी आणि प्रत्येक कडव्यानंतर वर्गानेच केलेले मराठी रूपांतर वाचावे. जॉन कीट्सची ‘टु ऑटम’ ही कविता यासाठी मला फार योग्य वाटते. ती त्याने १८१९ च्या सप्टेंबरात विंचेस्टर या गावी लिहिली. आता ‘ऑटम’ला मराठीत काय म्हणावे? शब्दकोश शरद ऋतू म्हणतो. शरद म्हटले की आपल्याला कोजागरीचे चांदणे आठवते, आणि कीट्सच्या कवितेत तर फळे पिकली आहेत, धान्य खळ्यात आले आहे, मधमाश्यांची पोळी भरून वाहत आहेत. आमच्या चर्चेत शेवटी ‘सुगी’ या शब्दावर एकमत झाले. सुगी हा ऋतू नव्हे, हे खरे. पण कवितेतला वास त्याच शब्दाला येतो.

दुसऱ्या कडव्यात कवी सुगीला एका स्त्रीचे रूप देतो. ती धान्याच्या कोठारात निवांत बसली आहे आणि उफणणीच्या वाऱ्याने तिचे केस उडत आहेत. आम्ही टिपणवहीत लिहून घेतले होते : ‘धान्य व भूस वेगळे करण्याची क्रिया’. घरी जे दरवर्षी पाहतो तेच हे, असे कोणाच्या लक्षात आले नाही. पुढे कापणी झालेल्या शेतात गळून राहिलेली कणसे वेचणारीची उपमा येते. डोक्यावर ओझे घेऊन ती ओढा ओलांडते. तिच्यासाठी असलेला इंग्रजी शब्द वर्गात कोणालाच ठाऊक नव्हता. सर अर्थ सांगू लागले, तेव्हा शेवटच्या बाकावरून आवाज आला, “सर, सरवा. सरवा वेचणारी.” हा मुलगा वर्षभरात तेवढेच बोलला. सरांनी तो शब्द फळ्यावर लिहिला. वर्गातल्या शहरी मुलांना तो माहीत नव्हता. त्यांना आम्ही सांगितला. सायडर गाळण्याच्या चरकापाशी तास न् तास बसून थेंब निथळताना पाहणे हे काय प्रकरण आहे, हेही गुऱ्हाळावर रात्र काढलेल्याला समजावून सांगावे लागत नाही. इंग्रजी कवितेच्या अशा कितीतरी चाव्या आमच्याच गावात पडून आहेत. समारंभातले वाचन हे त्यांतल्या चारदोन उचलून दाखवण्याचे निमित्त व्हावे. मात्र रूपांतर वर्गाने स्वतः केलेले हवे. मोबाईलवर आयते मिळणारे भाषांतर उतरवून आणले, तर त्यात सरवा सापडणार नाही.

मराठीचे नाव काढले की काही जण म्हणतात, इंग्रजीच्या समारंभात मराठी कशाला? हा आक्षेप मला पटत नाही. मराठी रंगभूमीने इंग्रजी नाटके आपलीशी केली, तो इतिहास हा आपल्या विषयाचाच भाग आहे. गोपाळ गणेश आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ १८८३ मध्ये प्रसिद्ध केले. गोविंद बल्लाळ देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ रचले. वि. वा. शिरवाडकरांनी १९५४ मध्ये ‘मॅक्बेथ’वरून ‘राजमुकुट’ लिहिले. १९७० मध्ये रंगभूमीवर आलेल्या त्यांच्या ‘नटसम्राट’मधील अप्पासाहेब बेलवलकरांच्या मागे किंग लिअरची सावली दिसते. पु. ल. देशपांड्यांनी शॉच्या ‘पिग्मॅलिअन’वरून केलेली ‘ती फुलराणी’ १९७५ साली आली आणि भक्ती बर्वे यांनी तिच्यातली मंजुळा अजरामर केली. उच्चारावरून माणसाची किंमत ठरवणाऱ्या समाजाचे ते नाटक आहे; फिशपाँड लिहिणाऱ्यांनी ते जरूर वाचावे. शिरवाडकरांचा जन्मदिवस, २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा होतो. आमचा समारंभ त्याच सुमारास येतो. मूळ प्रवेशातला एक उतारा इंग्रजीत आणि लगेच त्याचा मराठी अवतार, असे दोन जणांनी आळीपाळीने वाचले तर इंग्रजी व मराठी अशा दोन्ही विभागांना एका व्यासपीठावर आणता येईल.

समारंभाला स्वतःचा एक क्रम असावा, आणि तो दरवर्षी पाळला जावा, हे मात्र स्कॉटलंडच्या लोकांकडून घ्यावे. रॉबर्ट बर्न्स हा कवी कुळाने शेती करणाऱ्याचा मुलगा. त्याने स्वतः नांगर धरला, आणि आपल्या मुलखाच्या स्कॉट्स बोलीत कविता लिहिल्या. तो १७९६ मध्ये सदतिसाव्या वर्षी वारला. १८०१ साली त्याच्या काही चाहत्यांनी तो जन्मला त्याच घरात त्याच्या स्मरणार्थ जेवण केले. तेव्हापासून ही प्रथा चालू आहे. हल्ली ती त्याच्या जन्मदिवशी, २५ जानेवारीला पाळतात. ‘हॅगिस’ नावाचा मेंढीच्या काळीज-फुप्फुसांचा आणि ओटच्या भरडीचा एक गरिबाघरचा पदार्थ वाजतगाजत आणतात, त्यावर बर्न्सनेच लिहिलेली कविता म्हणतात आणि ती म्हणता म्हणताच तो कापतात. नंतर कवीच्या स्मृतीचे भाषण, पुरुषांनी स्त्रियांविषयी केलेले खुसखुशीत भाषण, त्याला एखाद्या बाईचे तितकेच तिखट उत्तर, आणि अखेरीस सर्वांनी हात गुंफून ‘ऑल्ड लँग साइन’ म्हणणे. आपल्याकडे हॅगिसच्या जागी भाकरी-पिठले किंवा वडापाव आणावा आणि वर्गातल्या कोणी त्यावर चार ओळी रचून म्हणाव्यात. खाण्याआधी कविता, ही शिस्त लावली तर अल्पोपाहाराच्या वेळची रेटारेटीही कमी होईल.

आता व्यवहाराचे. समारंभ संध्याकाळी ठेवू नये. शेवटची एस.टी. गाठायची म्हणून निम्म्या मुली मधूनच उठतात आणि मग त्यांना कार्यक्रमात रस नाही असा अर्थ काढला जातो. दुपारी बारा ते दोन ही वेळ उत्तम. तयारीला तीन आठवडे पुरतात. पहिल्या आठवड्यात हजेरीपत्रक समोर ठेवून प्रत्येक नावापुढे काम लिहावे. ज्याला बोलायचेच नाही त्याच्यासाठी भिंत आहे, कंदील आहे, पडद्यामागून ओळी सुचवणे आहे. वर्गणी तीस रुपयांच्या वर जाऊ नये. चाळीस जणांचे बाराशे रुपये होतात, त्यात चहा, वडापाव आणि सुतळी भागते. कोणी किती दिले याची यादी फळ्यावर लावू नये. वर्गप्रतिनिधीने बंद पाकीट फिरवावे. ज्याला जमेल त्याने जमेल तेवढे टाकावे. वर्गणी देता आली नाही म्हणून समारंभाच्या दिवशी ‘ताप आला’ असे कळवणारे एकदोन जण दर वर्षी असतात, आणि त्यांना कसला ताप आला आहे हे सगळ्यांना माहीत असते.

भेटवस्तू म्हणून फोटोफ्रेम देण्याची पद्धत आहे, तीही बंद करता येईल. उलट तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांनीच आपली जुनी पुस्तके आम्हांला द्यावीत. नवी कोरी नकोत. ज्यांच्या समासात पेन्सिलीने शब्दार्थ लिहिले आहेत, ओळींखाली रेघा मारल्या आहेत, मधूनच एखादे एस.टी.चे तिकीट खूण म्हणून राहिले आहे, तीच हवीत. अभ्यासक्रम बदलला तरी चालेल. पहिल्या पानावर देणाऱ्याचे नाव, गाव आणि वर्ष असावे. खाली घेणाऱ्याचे लिहायला जागा सोडावी.